चेपलेलं अंडं

शर्टाच्या कारखान्यात तिला सगळे चेकरबाई म्हणत आणि घरातही तेच नाव चिकटलं होतं. नवरासुद्धा खुशीत असला की चहाचा कप पुढे करून विचारायचा, "चेकरबाई, पास का नापास?" शिवणाऱ्या बायकांच्या हातून निघालेला प्रत्येक शर्ट शेवटी तिच्या टेबलावर येई. ती तो उलटा करायची, उजेडाकडे धरायची, कॉलर बघायची, काजं बघायची. एक टाका जरी तिरका दिसला तरी हात आपोआप मनगटावरच्या पट्टीकडे जाई, तिथला लाल स्टिकर निघे आणि शर्टाच्या छातीवर बसे. स्टिकर लागला की शर्ट परत. तो कोण घालणार, अंगाला टोचेल की मऊ लागेल, हे तिच्या खात्यात येत नव्हतं. तिथला एकही शर्ट तिने कधी कुणाच्या अंगावर घालून पाहिला नव्हता. तिचं काम डोळ्यांचं. डोळ्यांनी आपल्याला आजवर दगा दिला नाही, असं ती छाती पुढे काढून सांगायची.

दगा दिला होता तो दातांनी. उजवीकडची वरची दाढ किडली होती आणि दाताच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं की बाईंची पाचावर धारण बसायची. मग ती डावीकडून चावायची, बिस्किट चहात बुडवून खायची आणि कडक काही समोर आलं की "मला नको, पोट भरलं" म्हणायची. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिला वाटायचं कुणाला कळत नाही.

तिला एकच मुलगी. बिट्टी म्हणत तिला, अजूनही म्हणत. बिट्टीने औषधशास्त्राचं शिक्षण अर्ध्यात सोडलं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला चॉकलेट बनवणाऱ्या एका छोट्या कार्यशाळेत नोकरी धरली. तिथे बिया भाजायच्या, सोलायच्या, दगडी जात्यात दिवस दिवस दळायच्या, आणि मग ते चॉकलेट वितळवून साच्यात ओतायचं. बिट्टीच्या काकांनी, म्हणजे चेकरबाईंच्या मोठ्या दिरांनी, तेव्हा हसत म्हटलं होतं, "औषधाच्या गोळ्या सोडून चॉकलेटच्या गोळ्या! बरंय, निदान कडू तरी नाहीत." सगळे हसले. चेकरबाईही हसली, आणि ते हसू तिला अजून बोचत होतं. काकू मात्र हसल्या नव्हत्या. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी एवढंच विचारलं होतं, "विचार करून सोडलंस ना ग?" साधा प्रश्न. पण मोठ्या जावेचा साधा प्रश्नही चेकरबाईला थोबाडीत मारल्यासारखा लागायचा. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने या जावेसमोर एकही नापास माल ठेवला नव्हता. पडदे, चादरी, जेवण, सगळं तपासून मगच जावेच्या नजरेला पडायचं. एक पोरगीच काय ती तपासायची राहिली.

आणि आता नेमकं तेच पुढ्यात येणार होतं. शाळेत दर ईस्टरला शिक्षकांना भेट म्हणून चॉकलेटची अंडी द्यायचे. या वर्षी काकूंनी ठरवलं की कारखान्यातली चकचकीत कागदातली नकोत, कुणा छोट्या कारागिराची हातची घ्यायची. दोन ठिकाणचे नमुने त्यांनी चाखूनही पाहिले. मग स्वतः फोन केला. "रविवारी जेवायला येतोच आहोत, तर आपल्या बिट्टीचीही बघू या. आवडली तर तिलाच सांगते शाळेचं काम."

बिट्टीच्या कार्यशाळेत एक रीत होती. जो कारागीर स्वतः पहिलं मोठं काम आणेल, त्याला स्वतःचं संगमरवरी टेबल मिळे, आणि डब्यावर त्याचं नाव छापलं जाई. तोवर सगळे मालकीणबाईंच्या टेबलाच्या कडेकडेने उभे राहून काम करत. बिट्टीला ते टेबल हवं होतं. तोंडाने बोलायची नाही, पण घरी आली की स्वयंपाकाच्या ओट्यावरून तळहात फिरवायची आणि म्हणायची, "एवढंच असतं ग, आई. एवढंच पुरतं."

शनिवारी दुपारी ती धावत आली, खाकी पुठ्ठ्याचा, सुतळीने बांधलेला डबा आईच्या हातात दिला आणि चपलाही न काढता सूचना सुरू केल्या.

"फ्रिजमध्ये नको हं, घाम येतो त्याला. कपाटात खालच्या खणात ठेव, गार असतं तिथे. आणि हात लावू नकोस, बोटं उठतात. उघडूच नकोस खरं तर. उद्या मी येऊन एकेकाला देते."

"एकेकाला म्हणजे?"

"कळेल उद्या. आणि काकूंची काळजी नको. मी बोलले त्यांच्याशी फोनवर. सगळी भांडी वेगळी घेतली, साचे उकळत्या पाण्याने धुतले. एक कण नाही कसला."

काकूंना अक्रोड, बदाम, हेझलनट अशा सगळ्या कवचाच्या फळांचं वावडं होतं. साधं वावडं नव्हे, जीभ सुजायची, श्वास कोंडायचा. त्यांच्या पर्समध्ये एक इंजेक्शन कायम असायचं. कुणाच्याही घरी गोडाची वेळ झाली की त्या हात मांडीवर ठेवून बसून राहत, आणि परक्यांना वाटे बाई फार शिष्ट आहे.

"तुला यायला किती वाजतील?"

"जेवणं आटपेपर्यंत पोचते. ईस्टरची गर्दी आहे ग, रविवारचीही सुट्टी नाही." एवढं बोलून बिट्टी गेलीसुद्धा.

उघडू नकोस म्हटलेला डबा न उघडणारी बाई अजून जन्माला यायची आहे. त्यातून ही तर चेकरबाई. दार लागायच्या आधी सुतळी सुटली.

आत चार अंडी होती, कागदाच्या घरट्यांत बसवलेली. चेकरबाईने डबा खिडकीशी नेला. चमक नव्हती. वरून कोकोची पूड ब्रशने फिरवलेली, त्या ब्रशचे ओरखडे दिसत होते. मधला सांधा, जिथे दोन अर्धी जोडलेली असतात, तो शिवणीसारखा उठून दिसत होता. आणि चौथं अंडं तर एका बाजूने चक्क चेपलेलं होतं, जेवता जेवता पेंग आलेल्या माणसासारखं कलंडून बसलेलं. चेकरबाईने हात लावला नाही. मुलीने नको म्हटलं होतं म्हणून नव्हे. लावायची गरजच वाटली नाही. लांबूनच नापास होतं ते.

नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून आला तेव्हा ती डबा मांडीवर घेऊन तशीच बसली होती.

"हे बघा. माती फासल्यासारखी दिसतायत."

नवऱ्याने डोकावलं. "चॉकलेटचा रंग मातीचाच असतो की."

"चेष्टा नको. ते एक चेपलंय. चेपलेलं अंडं ठेवायचं ताईंसमोर? पोरीला कळत कसं नाही? अर्ध्या शिक्षणाला आधीच नावं ठेवतात, आता हे घेऊन बसली की म्हणतील, हेही धड येत नाही."

"कोण म्हणतं? वहिनी? मी तर त्यांना काही म्हणताना ऐकलं नाही."

"तुम्हाला कुठे काय ऐकू येतं. तुम्ही आपले वर-खाली, वर-खाली."

तो हसून आंघोळीला गेला. चेकरबाईने पर्स उचलली.

मुख्य रस्त्यावर काचेची दोन दारं असलेलं चॉकलेटचं दुकान होतं. ती कधी आत गेली नव्हती. आत हवा गार होती, काउंटरमागच्या तरुणाने पांढरे हातमोजे घातले होते आणि मखमलीच्या तबकात अंडी ठेवली होती. आरशासारखी. त्यांत तिला तिचाच चेहरा दिसला, थोडा फुगलेला.

"हातची आहेत, बाई. आमच्याकडे यंत्राचं काही नसतं."

तिने एक अंडं मागून घेतलं, हातमोजा घालून. उलटं केलं, दिव्याखाली धरलं. सांधा शोधला. सापडला नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिला असा माल क्वचित दिसला होता. एक क्षण तिला नुसता आनंद झाला, चांगलं काम पाहून होतो तसा, आणि पाठोपाठ मुलीचा राग आला. हे असं करता येतं तर. मग आपल्या पोरीला का येऊ नये?

"आत काही नाही ना? एकांना बदाम-अक्रोडाचे दाणे चालत नाहीत."

तरुणाचं लक्ष पुढच्या गिऱ्हाइकाकडे होतं. "नाही बाई, आतून पोकळ आहे."

पोकळ म्हणजे आत काही नाही, आणि आत काही नाही म्हणजे दाणे नाहीत. चेकरबाईचा हिशोब इथे संपला. दाणे दळून चॉकलेटमध्येच मुरवलेले असू शकतात हे तिच्या डोक्यात आलं नाही, कारण जे डोळ्यांना दिसत नाही त्याला तिच्या टेबलावर जागा नव्हती. तिने चार अंड्यांचा डबा घेतला.

घरी येऊन तिने दुकानाच्या डब्यावरचा सोनेरी गोल स्टिकर नखाने अलगद सोडवला, चुकून कुणाच्या नजरेला पडायला नको म्हणून. त्यावर दुकानाचं नाव ठसठशीत होतं, आणि खाली मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत काहीबाही लिहिलेलं. चष्मा कारखान्याच्या पिशवीत होता. कशाला उठायचं? ती अंडी तिने काचेच्या बाऊलमध्ये मांडली. रिकामा डबा आणि बिट्टीचा डबा दोन्ही खालच्या खणात, स्वेटरांच्या खाली सरकवले. सोनेरी स्टिकर बोटाला चिकटलेलाच होता. तो कुठे गेला हे तिने पाहिलं नाही. तिचे हात ते काम तिला न विचारता करत आले होते.

नवऱ्याने बाऊल पाहिलं.

"आणि शाळेचं काम मिळालं की? दर वेळी तू दुकानातून आणून देणार?"

"तोवर शिकेल ती. आधी दारातून आत तर जाऊ दे."

"तिला काय सांगशील?"

"सांगेन, फुटली म्हणून. कपाट लागलं, फुटली."

"बघ बाई," तो म्हणाला. तो नेहमी एवढंच म्हणायचा आणि बाजूला व्हायचा. त्या घरात तेवढ्याने चालून जायचं.

रविवारी जेवण चांगलं झालं. भाजलेले बटाटे कुरकुरीत होते, दिरांनी दोनदा वाढून घेतले. चेकरबाईचं मात्र सगळं लक्ष घड्याळाकडे. मुलगी यायच्या आत अंडी फुटलेली हवी होती. अख्खी दिसली तर ती ओळखणार. तुकडे काय, तुकडे सगळ्यांचे सारखेच.

"बिट्टी येऊ दे ना," काकू म्हणाल्या. "तिच्या हातूनच घेऊ."

"तिनेच सांगितलंय, थांबू नका म्हणून." खोटं इतकं सहज बाहेर पडलं की चेकरबाईला स्वतःचंच नवल वाटलं. "किती दिवस राबली हो तुमच्यासाठी. बघा कशी झालीत."

बाऊल टेबलावर आलं. दीर पुढे वाकले. "अरे वा! ही बिट्टीने केलीत? आपल्या बिट्टीने?" त्यांचा आवाज खरोखरच्या आश्चर्याने भरला होता. चेकरबाईने नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिने चमच्याने टकटक करून अंडी फोडली आणि तुकडे बशीत घेऊन पहिल्यांदा जावेपुढे धरले.

काकूंनी एक तुकडा उचलला. लगेच तोंडात टाकला नाही.

"तुला माहितीये, मी कुणाकडचं गोड खात नाही. शाळेसाठी दोन ठिकाणचं चाखलं, तर तेही आधी जिभेच्या टोकाला लावून, इंजेक्शन शेजारी ठेवून. पण ही पोरगी फोनवर एकेक भांडं मोजून सांगत होती मला. साचे कसे धुतले, ओटा कशाने पुसला. इतकं कुणी केलं नव्हतं ग माझ्यासाठी." मग त्यांनी डोळे मिटले आणि तुकडा तोंडात ठेवला. "किती मऊ! विरघळलंसुद्धा."

त्यांनी दुसरा तुकडा घेतला. मुख्याध्यापिकाबाईंच्या चेहऱ्यावर शाळकरी मुलीसारखं काहीतरी आलं होतं. चेकरबाईला वाटलं, जिंकलं. आता पोरीला टेबल मिळणार.

तेवढ्यात दार वाजलं आणि बिट्टी आत आली, कपाळावर केस चिकटलेले, बाहीवर कोकोचा डाग. "सुरूसुद्धा केलं?" ती हसत म्हणाली. "आई, मी म्हटलं होतं ना, मी देते."

"सुंदर झालंय," काका म्हणाले. "आरशासारखं!"

बिट्टी टेबलापाशी आली. बशीतला एक तुकडा तिने उचलला, उजेडात फिरवला, अगदी आई फिरवायची तसा. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे राहिलं, फक्त त्यातलं माणूस निघून गेलं. तिने तुकडा नाकाशी नेला.

"काकू, थुंका. आत्ताच्या आत्ता थुंका!"

"काय झालं?"

"हेझलनट आहे यात. थुंका!"

खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे खाल्लं एकीने आणि मनात खवखवलं दुसरीच्या. काकूंनी हातरुमालात थुंकलं, पण पहिला तुकडा केव्हाच पोटात गेला होता. त्यांनी घशाला हात लावला. "जीभ चुरचुरतेय मघापासून. मला वाटलं गरम बटाट्याने भाजली." खालचा ओठ एका बाजूने फुगायला लागला होता. दिरांनी पर्स उपडी केली. इंजेक्शन सापडलं, ते बिट्टीने त्यांच्या हातातून घेतलं आणि काकूंच्या मांडीवर कपड्यावरूनच टोचलं. नवरा टॅक्सी बघायला खाली पळाला.

हे सगळं होत असताना दीर बोलत होते, भीतीने माणूस बोलतो तसे. "तू फोन करून सांगितलंस! एक कण नाही म्हणालीस! तीन वर्षं औषधांचं शिकलीस ना? हे शिकलीस? तिचा विश्वास बसला म्हणून तिने खाल्लं, नाहीतर ती पाणीसुद्धा विचारून पिते!"

बिट्टीने आईकडे पाहिलं. एकदाच. तिला सगळं कळलं होतं. कसं नाही कळणार? स्वतःच्या हातचं आणि परक्याचं कुणाला ओळखता येत नाही? चेकरबाईने नजर बशीकडे वळवली.

"चुकलं, काका," बिट्टी म्हणाली. "माझंच चुकलं."

आणि त्या क्षणी चेकरबाईला हायसं वाटलं. पुढे कितीदा तरी तिने स्वतःला समजावलं की ती घाबरली होती, तिला सुचलं नाही. पण तसं नव्हतं. हायसं वाटलं होतं, स्पष्ट, उन्हातून सावलीत आल्यासारखं. आपण सुटलो. पोरीने घेतलं अंगावर. आणि सुटकेच्या पाठोपाठ जी लाज आली ती अशी की तिला वाटलं धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. तरीही ती बोलली नाही. लाज वाटणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं.

दिरांनी डॉक्टरांना फोन लावला होता. पलीकडून आवाज मोठा येत होता. इंजेक्शन दिलं ते बरं केलं, लगेच घेऊन या. पण चॉकलेटमध्ये नक्की काय काय होतं? हेझलनटच, की बदाम, शेंगदाणे, तीळही? त्यांना सगळं कळायला हवं.

"काय काय टाकलं होतंस?" दिरांनी फोन कानाशी धरूनच विचारलं.

बिट्टी काकूंचा हात चोळू लागली.

"अगं बोल! काय होतं त्यात?"

"मला माहीत नाही, काका."

"स्वतः केलंस आणि माहीत नाही?"

पोरीने आईची चूक स्वतःची म्हणून घेतली होती, पण जे तिने केलंच नव्हतं त्यात काय होतं हे ती कुठून आणणार? तिने परत आईकडे पाहिलं नाही. खाली मान घालून काकूंचा हात चोळत राहिली. चेकरबाई उठली. खुर्ची मागे पडली. ती आतल्या खोलीत गेली, गुडघ्यांवर बसली, स्वेटर उपसून फेकले आणि दोन्ही डबे छातीशी धरून बाहेर आली.

"हे दुकानातलं आहे," ती म्हणाली. "मी आणलं. हिचं हे आहे. हिने काही केलं नाही."

दुकानाच्या डब्यावर काहीच नव्हतं, स्टिकरची जागा रिकामी. तिला क्षणभर कळेना, स्टिकर गेला कुठे. मग सगळ्यांनीच तो पाहिला. बिट्टीच्या खाकी डब्याच्या झाकणावर, बरोबर मधोमध, सोनेरी गोल स्टिकर चिकटवलेला होता. कारखान्यात नापास शर्टाच्या छातीवर बसतो तसा.

बिट्टीनेच तो वाचून दाखवला, फोनमध्ये डॉक्टरांना ऐकू जाईल अशा आवाजात. हेझलनट. दूध. सोया. बदामाचा अंश.

टॅक्सी आली. दिरांनी बायकोला धरून उठवलं. जाताना ते बिट्टीपाशी थांबले आणि नुसताच तिच्या डोक्यावर हात ठेवून पुढे झाले. काकूंचा ओठ सुजला होता, शब्द फुटत नव्हते, पण श्वास नीट येत होता. दारात त्या धाकट्या जावेसमोर उभ्या राहिल्या. आता त्या बोलतील, सुनावतील, निदान थोबाडीत तरी मारतील, असं चेकरबाईला वाटलं. तिला तेच हवं होतं.

"मला इतकी घाबरतेस ग तू?" काकू जड जिभेने म्हणाल्या. एवढंच. त्यात राग नव्हता, म्हणून ते सहन करायला जास्त कठीण होतं.

मग त्यांनी बिट्टीकडे हात पुढे केला. बिट्टीला कळलं. तिने डबा उघडला, एक अंडं कागदासकट उचललं आणि काकूंच्या पर्समध्ये ठेवलं. नवराही टॅक्सीत बसून त्यांच्याबरोबर गेला. जाताना त्याने बायकोकडे पाहिलं नाही. बघ बाई, असंही तो म्हणाला नाही.

घरात दोघीच उरल्या. बिट्टीने दुकानातल्या अंड्यांचे तुकडे गोळा करून कचऱ्यात टाकले, बाऊल विसळलं, टेबल पुसलं, पुन्हा पुसलं. चेकरबाई उभीच होती.

"तुझ्या भल्यासाठीच," ती शेवटी म्हणाली. ते वाक्य तिला स्वतःलाच शिळं वाटलं. "मला वाटलं, तुला ते टेबल मिळावं."

बिट्टीने फडकं पिळून वाळत टाकलं.

"अगं, मी काय करायचं होतं? त्यातलं एक तर चेपलेलं होतं! तूच बघ ना. चेपलेलं कसं ठेवणार होते मी सगळ्यांसमोर?"

फोन वाजला. नवऱ्याचा होता, बिट्टीने उचलला. आवाज ऐकू येत होता, डॉक्टरांनी तपासलंय, सूज उतरतेय, थोडा वेळ ठेवून सोडतील. आणि वहिनींनी तिथेच, डॉक्टरांना विचारून, पोरीचं अंडं फोडून खाल्लं. म्हणाल्या, शाळेसाठी हेच हवं, तिला सांग.

"बरं," बिट्टी म्हणाली. "काकूंना सांग, करते. डबे मी थेट शाळेत नेऊन देईन." ती थांबली. "घरी नाही ठेवणार, बाबा."

तिने फोन ठेवला आणि चपला शोधू लागली. एक कपाटाखाली गेली होती, ती वाकून काढली. चेकरबाईला वाटलं, ती आता रडेल, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

"आई, तू चाखलं तरी होतंस का?"

चेकरबाईने नकारार्थी मान हलवली.

बिट्टीने डब्यातून ते चेपलेलं अंडं कागदासकट उचललं आणि टेबलावर ठेवलं. मग अंडं उचलून कागद उलटा करून दाखवला. प्रत्येक अंड्याखाली, घरट्याच्या तळाशी, पेन्सिलने एकेक नाव लिहिलेलं होतं, अंडं उचलल्याशिवाय दिसणार नाही असं. बाबा. काका. काकूंचं त्यांच्याबरोबर गेलं होतं. या कागदावर आई असं होतं.

"तुझी दाढ दुखते ना," बिट्टी म्हणाली, "म्हणून तुझं पातळ केलं. किती वेळा केलं. पातळ कवच जोडायला गरम ताटलीवर टेकवलं की बसतंच ते एका बाजूने. मला वाटलं, तुला चालेल."

ती गेली. तिने दार जोरात आपटलं नाही, नीट लावून घेतलं.

चेकरबाई टेबलाशी बसली. खिडकीतून उजेड येत होता, पण तिने अंडं उजेडाकडे धरलं नाही. चमच्याची गरजच पडली नाही. बोटाने दाबलं तसं ते मोडलं. एक तुकडा तिने मुद्दाम उजवीकडे ठेवला, किडक्या दाढेवर, आणि चावला.

काही दुखलं नाही.